अर्ध्या हाकेची बाग

“पांढऱ्या पायाची बाई आणलीस, भिका. आणखी तीन दिवस वाट बघ. तेवढ्यात बागेत फूल आलं नाही, तर तिचं गाठोडं बांध आणि सोड तिला तिच्या माहेरी.”

हे बोलणं मंजुळाने ऐकायचं नव्हतं. ती ओसरीवर कॉफीच्या पोत्यांच्या आडोशाला बसून सुपातल्या बिया निवडत होती. काळ्या एकीकडे, चांगल्या एकीकडे. मंजुळा नऊ वर्षांची. नाव मंजुळा, पण तिचा आवाज कसा आहे असं विचारलं असतं, तर मोहझरी गावातल्या निम्म्या लोकांना सांगता आलं नसतं. जिथं चार शब्द लागतात तिथं ती एकात भागवायची, आणि जिथं एक लागतो तिथं नुसती मान हलवायची. अशी मुलं घरात असली की मोठी माणसं त्यांना पोत्यांतच धरतात आणि त्यांच्यादेखत नको ते बोलून जातात.

बोलत होती ती चंद्रभागाआत्या, बाबांची थोरली बहीण. ऐकत होते ते बाबा. आणि गाठोडं बांधायचं होतं ते गिरजाचं, मंजुळाच्या नव्या आईचं.

“अक्का, फुलायचं काम झाडाचं. त्यात तिच्या पायाचा काय संबंध?” बाबा म्हणाले. पण त्यांचं बोलणं ओल्या लाकडासारखं होतं. धूर होता, जाळ नव्हता.

“वरच्या बागा बघ. खालच्या बागा बघ. जिकडेतिकडे चांदणं सांडल्यासारखं झालंय, आणि मधे आपलीच तेवढी बोडकी. ती आली माघात, आणि चैत्रात हे असं. मी काय आंधळी आहे?”

मंजुळाच्या बोटांतली चांगली बी काळ्या बियांत पडली.

सातपुड्याच्या एका उंच, थंड, धुकट डोंगरावर मोहझरी गाव होतं, आणि गावाच्या कडेला मंजुळाच्या बाबांची इवलीशी कॉफीची बाग. झाडं मोजून दोनशे चाळीस. वरती फणसाची, जांभळाची, आवळ्याची सावली. खाली गडद हिरव्या, चकचकीत पानांची कॉफी, जणू कुणी रोज सकाळी एकेक पान पदराने पुसून ठेवतं. या बागेवर घर चालायचं. थंडीत फळं लाल झाली की सगळी माणसं पाठीला टोपल्या बांधून ओळींत शिरायची. लाल तेवढंच तोडायचं. हिरव्याला हात लागला तर आत्या हातावर चापट मारायची, मग तो हात मंजुळाचा असो की बाबांचा. तोडलेली फळं अंगणात पसरायची आणि मंजुळाने अनवाणी पायांनी त्यांच्यातून हळूहळू चालत जायचं, म्हणजे खालची फळं वर येऊन सगळी सारखी वाळतात. तिची इवली पावलं त्या दिवसांत तांबडीलाल दिसायची.

मग माघ-फाल्गुन कोरडे जायचे. चैत्रात एखादी टपोरी सर पडायची, आणि सर पडून नवव्या दिवशी साऱ्या डोंगराला जाग यायची. फांदीफांदीवर पांढऱ्याशुभ्र चांदण्यांचे गजरे! वास असा, की शेजारच्या डोंगरावरच्या मधमाश्यासुद्धा पाहुण्या यायच्या. फूल आलं की फळ येणार, फळ आलं की वर्षभर चूल पेटणार.

आज नववा दिवस होता, आणि यांच्या बागेत कळ्या होत्या, पण फूल नव्हतं. साऱ्या कळ्या हिरव्या, टोकदार, मिटलेल्या. रुसल्यासारख्या.

त्या संध्याकाळी नव्या आईने मंजुळाच्या केसांना तेल लावलं. ती खालच्या सपाटीवरची, कापसाच्या गावची. तिला कॉफीतलं काही कळत नव्हतं, आणि कळत नाही हे ती लपवत नव्हती.

“आमच्याकडे कापूस वेचतात ग,” ती गुंता सोडवता सोडवता म्हणाली. “तो निदान मऊ तरी असतो. तुमच्या या कॉफीचा पहिला घोट घेतला ना, मला वाटलं वन्संनी मला ताप आलाय असं समजून काढा दिला!”

मंजुळाला हसू आलं. नव्या आईचा हात हलका होता. केस ओढला गेला तर ती आधी स्वतःच ‘आई ग’ म्हणायची.

“माझं एक काम करशील?” मग ती हळूच म्हणाली. “उद्या पहाटे झऱ्यावर जाशील तेव्हा फूल आलंय का बघून ये. मी गेले तर… लोक म्हणतील, हिच्या पावलाने असलेल्या कळ्याही गळाल्या.”

म्हणजे तिनेही ऐकलं होतं. मंजुळाने नुसती मान हलवली.

दुसऱ्या दिवशी पूर्वेकडे गुलाबी रेघ उमटली, आणि मंजुळा कळशी घेऊन निघाली. झरा बागेच्या तळाशी होता. त्याच्या काठावर कॉफीचं सगळ्यात म्हातारं झाड. पानापानावर दवाचे थेंबुले लटकत होते, एकात निळा, एकात जांभळा, एकात सोनेरी रंग. आणि तिथं, खालच्या फांदीवर, एका हिरव्या कळीतून काहीतरी लुकलुकत होतं.

मंजुळा गुडघ्यांवर बसली.

ती परी होती. तांदळाच्या दाण्याएवढी! अंगावर धुक्याचं झिरझिरीत लुगडं, केसांत परागाची पिवळी पूड, आणि पाठीवर एक पंखुली, मोराच्या मानेसारखी निळी-हिरवी. एकच. दुसरी पंखुली कळीच्या आत चिमटली होती. परी ओढत होती, पण कळी सोडत नव्हती. आणि फांदीवरून लाल मुंग्यांची रांग तिच्याकडे चालत येत होती.

मंजुळाने मुंग्या चिरडल्या नाहीत. तिने एक लांब पान तोडलं, फांदीवर आडवं ठेवलं आणि त्याचा पूल करून सारी रांग शेजारच्या फणसाच्या बुंध्यावर उतरवून दिली. चार-पाच मुंग्या तिच्या मनगटाला कडकडून चावल्या. तिने हूं की चूं केलं नाही.

“दुखतं?” तिने परीला विचारलं. एकच शब्द, पण बरोबर शब्द.

“दुखतं ग,” परी म्हणाली. तिचा आवाज गवतातून वारा जावा तसा होता. “पण त्याहून अवघडायला होतं. मी या बागेची परी. मी उठले की माझ्यामागोमाग साऱ्या कळ्या उठतात. पण यंदा कुणीतरी मला अर्धी हाक मारली.”

मंजुळाने डोळ्यांनीच विचारलं, म्हणजे?

“माघात झाडं तहानलेली असतात ना, ती तशीच असायला हवीत. तहानेत कळ्या गाढ झोपतात. मग चैत्रात आभाळ मोठ्याने हाक मारतं, सर पडते, आणि आम्ही साऱ्या एकदम उठतो. पण यंदा माघातच कुणीतरी झाडाझाडाला तांब्या-तांब्या पाणी घातलं. तेवढ्याने झोप मोडली, पण उठवेना. पुढे खरी हाक आली तेव्हा आम्ही ना झोपेत, ना जागेपणी. दारात पदर अडकावा तशा अडकून बसलो.”

मंजुळाने दोन्ही हात परकरात लपवले.

कारण ते पाणी तिने घातलं होतं. माघात कॉफीला पाणी घालायचं नाही, हे घरात सगळे म्हणायचे. आजोबा म्हणायचे म्हणून बाबा म्हणायचे. पण का, ते कुणीच कधी सांगितलं नव्हतं. आणि मंजुळाची पहिली आई तापात शेवटचे दोन दिवस ‘पाणी, पाणी’ म्हणत गेली होती. माघात कॉफीची पानं माना टाकून उभी राहिली, तेव्हा मंजुळाला ते बघवेना. घरात लग्नाची धांदल होती, कुणाचं तिच्याकडे लक्ष नव्हतं. रोज चोवीस झाडं, असे दहा दिवस. तांब्या बुडवायचा, ओतायचा, बुंध्यावर हात फिरवायचा, पुढे जायचं. किती पुण्याचं काम केलं असं वाटलं होतं तिला!

आणि त्याचा दोष बसला होता नव्या आईच्या पायांवर.

“तू मला मुंग्यांपासून वाचवलंस,” परी म्हणाली. “मला तुला काहीतरी द्यायलाच हवं. तीन इच्छा देते. रोज सकाळी एक, दव सुकायच्या आत. पण नियम ऐकून घे हं. मी झुळकेची लेक. झुळूक नवं काही करत नाही आणि जुनं काही नाहीसं करत नाही. ती फक्त इकडचं तिकडे नेते. माझ्या इच्छाही तशाच. आणि स्वतःच्या कामाला मला त्या वापरता येत नाहीत, नाहीतर इथं अशी लोंबकळत कशाला बसले असते?”

‘ते पाणी मी घातलं’ हे शब्द मंजुळाच्या जिभेच्या टोकापर्यंत आले आणि परत फिरले. घरी जाऊन सांगितलं तर? बाबा कसे बघतील? आत्या गाठोडं कुणाचं बांधायला सांगेल?

“नव्या आईवरचा दोष जाऊ दे,” ती पुटपुटली.

“कुठं ठेवू?”

मंजुळाने मान हलवली. कुठंही.

“जागा सांगितली नाहीस, तर तो आपली आपण शोधील,” परी म्हणाली, आणि एकच पंखुली फडफडवली. बागेतून एक गार झुळूक घराकडे धावत गेली.

मंजुळा घरी पोचली तेव्हा आत्या नव्या आईच्या हातात चहाचा पेला देत होती. “घे बाई. तुझी काय चूक? तू कालची पोर.” नव्या आईने पेला दोन्ही हातांनी धरला, पडेल की काय अशी भीती वाटल्यासारखा. मंजुळाचा जीव भांड्यात पडला.

पण आत्याने तोंड वळवलं ते बाबांकडे.

“सगळं तुझं चुकलं, भिका. सावली छाटायची वेळ आली तेव्हा तू मांडवाचे बांबू तोडत बसलास. बागेकडे पाठ फिरवलीस, मग बागेनेही फिरवली. बापाने कमावलं, लेकाने घालवलं!”

आणि नवल असं, की बाबांना ते पटलं. ते एरवी कोयता कमरेला लावून शीळ घालत बागेत जायचे. त्या दिवशी ते जांभळाखाली जाऊन बसले आणि स्वतःच्या तळहातांकडे बघत राहिले. दुपारी मंजुळा भाकरी घेऊन गेली, तर म्हणाले, “बाळ, माझा हातच वाईट. मी सपाटीवर कुणाच्या तरी शेतात राबायला जातो. परवाच निघतो. मी नसलो तर बाग फुलेल.”

भाकरी तशीच राहिली. कावळ्याने नेली.

दुसऱ्या सकाळी मंजुळा झऱ्यावर गेली ती पळतच. परीचा रंग थोडा उतरला होता. तिच्याभोवतीची कळी कडेने पिवळी पडत होती.

“बाबांवरचा जाऊ दे,” मंजुळा धापा टाकत म्हणाली.

“कुठं ठेवू?”

मंजुळाने पायाच्या अंगठ्याने माती उकरली. दोन डोळ्यांतून दोन थेंबुले पडले. पण तोंडातून शब्द पडला नाही.

“बरं,” परी म्हणाली. ती रागावली नव्हती. पण हसलीही नव्हती. झुळूक निघाली.

मंजुळा घरी आली. कुणी कुणाला बोलत नव्हतं. आधी तिला ते बरं वाटलं. मग तिच्या लक्षात आलं की आत्या गप्प आहे, आणि आत्या गप्प आहे म्हणजे घरात काहीतरी मोठं मोडलं आहे. आत्या चुलीशी बसली होती. दूध उतू जात होतं, आणि ती ते बघत होती.

“वन्सं, दूध!” नवी आई धावली.

“जाऊ दे ग,” आत्या म्हणाली. “मी बसले की उतू जायचंच. मी चौदा वर्षांची असताना सासरी गेले. त्या वर्षी त्यांची विहीर आटली. सासू म्हणाली, पांढऱ्या पायाची आहे, न्या हिला परत. आमच्या बापाने मला परत आणलं. इतकी वर्षं मी म्हणत आले, ती म्हातारी खोटारडी होती. पण विहीर आटली ती माझ्याने, आणि बाग अडली ती माझ्याने. खोटारडी ती नव्हती.”

मंजुळा दारातच उभी राहिली. दोन दिवसांपूर्वी ही आत्या जे वाक्य बोलली होती, ते कुणीतरी तिला फार वर्षांपूर्वी दिलेलं होतं. इतकी वर्षं जपून ठेवून तिने ते पुढे दिलं होतं, नव्या आईच्या हातात.

“असं काय बोलता वन्सं!” नवी आई तिच्याजवळ बसली. “मला शिव्या द्या हवं तर. त्या तुमच्या तोंडी शोभतात. हे नाही शोभत.”

आत्या हसली नाही. आणि तिसऱ्या दिवशी उजाडता उजाडता तिने एका जुन्या धोतराच्या तुकड्यात दोन लुगडी आणि मिश्रीची डबी बांधली.

“कुठं जाणार अक्का?” बाबांनी विचारलं.

“जिथं पाण्याची विहीर नाही आणि फुलाचं झाड नाही, तिथं,” आत्या म्हणाली. “म्हणजे कुणाचं काही बिघडायला नको. देवापुढे दिवा लावते आणि निघते.”

मंजुळाने कळशीसुद्धा घेतली नाही. ती नुसती धावत सुटली. काट्यांनी परकर फाटला, दवाने पाय भिजले. बागेत सारं शांत होतं. झऱ्याच्या काठी परी कळीला टेकून बसली होती, वातीतलं तेल संपत आल्यावर दिवा दिसतो तशी. तिची निळी-हिरवी पंखुली राखेच्या रंगाची झाली होती.

“आलीस?” ती म्हणाली. “आज शेवटची. लवकर माग. ऊन या फांदीवर आलं की ही कळी वाळेल, आणि तिच्याबरोबर मीही.”

मंजुळा खाली बसली. एकच इच्छा उरली होती. आत्यावरचा दोष हलवायचा, तर तो आता उंबऱ्याबाहेर जाईल, शेजारच्या घरात शिरेल, तिथल्या कुणाच्या तरी पायाला चिकटेल. आणि मग तिथली कुणीतरी गाठोडं बांधील. घरात माणसं चार. दोष तिघांवर बसून आला. तिने बोटांवर मोजलं. एक, दोन, तीन. चौथं बोट तिने बराच वेळ धरून ठेवलं.

“चौथीवर आणायचा झाला, तर?” तिने विचारलं. इतकं लांब वाक्य तिने कित्येक दिवसांत बोललं नव्हतं.

“त्याला इच्छा लागत नाही,” परी म्हणाली. “वारा दुसऱ्याचं आणून देतो. आपलं आपण उचलायचं असतं.”

मंजुळाने चटकन वर पाहिलं. “तुला माहीत होतं?”

“तू मुंग्या काढायला हात पुढे केलास, तेव्हाच ओळखला. माघात हाच हात बुंध्यावरून मायेने फिरला होता. झोपेतही कळतं ग ते.”

“रागावली नाहीस?”

“पाणी चुकलं, बाळे. माया चुकली नव्हती. पण चुकलं ते चुकलंच. ते कुणाच्या तरी डोक्यावर बसणारच. बघितलंस ना, कसं घरभर फिरलं?”

मंजुळा बघत राहिली. समोरच्या डोंगराच्या माथ्यावर उन्हाची पिवळी किनार लागली होती. ती किनार हळूहळू खाली उतरत होती, फणसाच्या शेंड्यावर, मग फणसाच्या खांद्यावर. मंजुळाच्या मनात आलं, घरी सांगायचं ते मी माझ्या तोंडाने सांगेन. मला त्याला परी लागत नाही. म्हणजे एक इच्छा उरली की!

तिने ती फुलांसाठी मागितली असती, पण वरच्या-खालच्या बागांतली फुलं इकडे आणायची, म्हणजे त्यांच्या चुली विझवायच्या. तिने स्वतःसाठी मागितली असती, पण खरं सांगायचं तर त्या क्षणी तिला स्वतःची आठवणच झाली नाही.

“तुझी पंखुली सुटू दे,” मंजुळा म्हणाली.

परी दचकली. “नियम विसरलीस? अडकणं नाहीसं होत नाही. ते कुठं तरी जाईल.”

“माझ्याकडे येऊ दे.”

“मंजुळे, ते आलं की राहतं. औषधाने जात नाही, नवसाने जात नाही. नीट विचार कर आणि जागा सांग.”

मंजुळाने आपले दोन्ही हात बघितले. उजव्याने फळं तोडायची, बिया निवडायच्या. अंगठा हवाच. पहिलं बोट हवंच. तिने डावा हात पुढे केला. “करंगळी. हिला फारसं काम नसतं.”

परी हसली. पहिल्यांदाच हसली, आणि त्या हसण्याने झऱ्याच्या पाण्यावर चांदीची खडी उठली. तिने पंखुली फडफडवली. मंजुळाच्या डाव्या करंगळीतून एक थंडगार कळ गेली, आणि ती करंगळी हळूच आत वळली, मिटलेल्या कळीसारखी. ती तशीच राहिली. पुढे मंजुळा मोठी झाली, म्हातारी झाली, तरी ती सरळ झाली नाही.

पण त्याच क्षणी कळी सुटली. टप्प! दुसरी पंखुली बाहेर आली, ओली, चुरगळलेली, मग निळी, मग हिरवी, मग सोन्यासारखी लखलखीत. परी फांदीवर उभी राहिली.

“तू स्वतःसाठी काही मागितलं नाहीस,” ती म्हणाली. “म्हणून हे आपणहून देते. हे मी हलवून आणलेलं नाही, हे माझं स्वतःचं आहे.”

तिने तोंड वर करून हाक मारली. पूर्ण हाक. ती कानांना ऐकू आली नाही, पण पायांखालच्या मातीला ऐकू आली. ऊन फांदीवर उतरलं, परी त्या उन्हात शिरली, आणि कुठं ऊन संपतं आणि कुठं परी सुरू होते हे कळेनासं झालं. मग एक झगझगीत पांढरा लोळ उठला आणि ओळीओळीने वर धावत गेला. तो गेला तिथं तिथं कळ्या उघडत गेल्या. एक चांदणी, शंभर चांदण्या, लक्ष चांदण्या! दोनशे चाळीस झाडांनी एकाच श्वासात पांढरे गजरे माळले. वासाचा असा लोट उठला की मधमाश्या आधी गोंधळल्या आणि मग गाऊ लागल्या. लोळ वरच्या बांधावर पोचला, एकदा लुकलुकला आणि आभाळात मिसळून गेला.

मंजुळा त्या पांढऱ्या बोगद्यातून घराकडे पळाली.

घरची माणसं अंगणात आली होती. बाबा बागेकडे बघून नुसते उभे होते, त्यांच्या मिशीवर पाणी ओघळत होतं. नव्या आईने दोन्ही हात तोंडावर धरले होते. आणि फाटकाबाहेर, रस्त्यावर, काखेत गाठोडं घेऊन चंद्रभागाआत्या उभी होती.

“फुललं! अक्का, फुललं! या आत!” बाबा ओरडले.

आत्या हलली नाही. तिचा चेहरा शांत होता, आणि ते शांतपण बघवत नव्हतं.

“बघितलंस ना, भिका?” ती म्हणाली. “मी फाटकाबाहेर पाय टाकला आणि बाग फुलली. एक पाऊल, तेवढंच. आता आणखी काय पुरावा हवा? सासू खरी होती. सुखाने राहा. गिरजा, पोरीच्या केसांना तेल लावत जा. मला कधी हलक्या हाताने जमलं नाही.”

“वन्सं, असं नका ना करू,” नवी आई रडत म्हणाली. पण ती अडवू शकत नव्हती. बाबाही अडवू शकत नव्हते. कारण बाग फुललेली त्यांच्या डोळ्यांसमोर होती, आणि आत्याचं पाऊल फाटकाबाहेर होतं, आणि दोन्हींची सांगड आत्याने घालून दिली होती. बाबांच्या चेहऱ्यावर एक बारीकशी शंका येऊन बसली. मंजुळाने ती बघितली.

आता गप्प राहिलं असतं तर कुणाला कधीच कळलं नसतं. बाग फुलली होती. नवी आई राहणार होती, बाबा राहणार होते. सगळं नीट झालं असतं, एका माणसाचं सोडून. आत्या वळली आणि उताराला लागली.

मंजुळा धावत फाटकाबाहेर गेली. तिने आत्याचं गाठोडं दोन्ही हातांनी धरलं. आत्या थांबली. बाबा थांबले. वरच्या बागेतून फुलं बघायला निघालेल्या दोन बायकासुद्धा थांबल्या, कारण मोहझरीत पहिल्यांदाच मंजुळाचा आवाज रस्त्यावर ऐकू आला, आणि तो चांगला खणखणीत होता.

“आत्या, माघात झाडांना पाणी मी घातलं. रोज चोवीस झाडं, दहा दिवस. मला ती तहानलेली दिसली म्हणून. त्याने कळ्या अडकल्या. मला दोन दिवसांपूर्वीच कळलं होतं, आणि मी भिऊन गप्प बसले, म्हणून तुम्ही सगळे एकेक करून रडलात. मला हवं तेवढं रागवा, मारायचं तर मारा, पण आपल्या घरातून कुणीही जायचं नाही.”

आत्याने गाठोडं तिच्या हातात सोडलं, तिची वळलेली करंगळी आपल्या मुठीत धरली आणि फाटकातून आत पाऊल टाकलं, आणि बागेतलं एकही फूल मिटलं नाही.